मापाचा तंबू

आमच्या शिलाईच्या दुकानातले आम्ही पाच जण जंगलात मुक्कामाला निघालो, तेव्हा मास्तर म्हणाले, "तंबू विकत आणायचा म्हणजे आपल्या मशिनचा अपमान आहे. मी शिवतो." त्यांनी आम्हा चौघांना फरशीवर शेजारी-शेजारी झोपवून मापं घेतली. मी काज-बटणं करतो, मला कोण विचारतो? नाहीतर श्वासापुरतं कापड जास्त धरा, हे तेव्हाच सांगितलं असतं.

जंगलातली झाडं एवढाली होती की एका बुंध्याला मास्तरांची टेप सहा वेळा लावावी लागली. त्याच झाडाच्या सावलीत भर दुपारी तंबू उभा केला आणि आम्ही चौघे आत आडवे झालो. फिटिंग इतकं चोख, की एकाने कूस बदलली की बाकीच्या तिघांनाही बदलावी लागे. इस्त्रीवाले काका शिंकले आणि माझ्या बाजूची शिवण उसवली.

मास्तर काखेत उशी धरून दारात उभे होते. आत बोटभर जागा नव्हती.

"मास्तर, तुमचं माप घेतलं होतं का?" मी विचारलं.

मास्तरांनी आमच्याकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं, आणि जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आले तेच शांतपणे सांगितलं, "मंगळवारी या, सैल करून ठेवतो."