बर्फीची चार बाळंतपणं

विश्वनाथराव प्रधानांचा आवाज कधी चढत नसे. छत्तीस वर्षं केंद्र सरकारात कारकुनी केलेला माणूस तो, मान खाली घालून फायली पुढे सरकवणं हाच स्वभाव झालेला. म्हणून त्या दिवशी गुडगावच्या जनावरांच्या दवाखान्यात ते खुर्चीवरून ताडकन उठून "नाही म्हणजे नाही!" असे ओरडले, तेव्हा सून साधना बघतच राहिली. नात तनया टोपली पोटाशी धरून भिंतीला टेकली. टोपलीत दोन ससे होते, आणि हा सगळा तमाशा त्यांच्यापायी चालला होता.

झालं होतं असं. तनयाच्या अकराव्या वाढदिवसाला तिच्या बाबांनी, सिद्धांतने, ससे आणले. "दोनों मादा हैं साहब, गारंटी," म्हणून दुकानदाराने छातीवर हात मारला होता. कसली गारंटी नि काय! दिवाळीनंतर पंधरा दिवसांत बाल्कनीतल्या खोक्यात सहा पिल्लं वळवळायला लागली. गोलू हा बाप निघाला, बर्फी आई. पिल्लांचं कौतुक ओसरल्यावर साधनाने सुट्टी टाकून दोघांना दवाखान्यात आणलं, आणि डॉक्टर कल्पनांनी सरळ सांगून टाकलं.

"मादा जिस दिन बच्चे देती है, उसी दिन फिर गाभन हो सकती है, अंकल. नर की नसबंदी करवा दीजिए, छोटा-सा ऑपरेशन है. नहीं तो ये बेचारी साल भर में मर जाएगी."

नसबंदी. तो शब्द कानावर पडला आणि विश्वनाथराव उठले ते उठलेच.

"मुक्या जिवाला विचारता का कुणी? माझ्या डोळ्यांदेखत हे होणार नाही. मी वेगळं ठेवीन दोघांना. दिवसभर घरी मीच तर असतो."

साधनाने वाद घातला नाही. ती आणि सिद्धांत सकाळी आठला कंपनीच्या गाडीत बसत ते अंधार पडल्यावर परतत. सशांचा गवतपाला, साफसफाई, सगळं सासऱ्यांवरच होतं. "ठीक आहे बाबा," ती म्हणाली, "पण दार उघडं राहता कामा नये हं."

आता विश्वनाथराव एवढे का भडकले, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. गेलेल्या बायकोलाही त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं.

शहात्तर साल, आणीबाणी चालू होती. प्रधान तेव्हा दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत. ऑफिसात फर्मान निघालं, प्रत्येकाने नसबंदीच्या दोन केसेस आणायच्या, नाहीतर बढती विसरा. एक केस कशीबशी मिळाली. दुसरी मिळेना. क्वार्टरमागे कडुनिंबाखाली शंकर नावाचा इस्त्रीवाला ठेला लावायचा. बावीस वर्षांचा, तीन महिन्यांपूर्वी लग्न झालेला. प्रधानबाबूंवर त्याचा भारी विश्वास. त्याला यांनी सांगितलं, "सरकारी तपासणी आहे रे, तुपाचा डबा मिळतो." दोन मुलं असल्याशिवाय केस धरत नसत, म्हणून फॉर्मवर आपल्या सुंदर अक्षरात स्वतःच्या हाताने लिहिलं, संतान: दो. शंकरने अंगठा उमटवला. बाबूंना बढती मिळाली.

शंकरला काय झालं ते कळायला महिना लागला. तो भांडला नाही. वर्षभर यांचेच शर्ट इस्त्री करत राहिला, फक्त बोलणं बंद केलं. मग एक दिवस ठेला उचलून कुठे गेला, कुणास ठाऊक. सव्वीस वर्षं झाली, तरी कडक इस्त्रीचा शर्ट अंगात घालताना विश्वनाथरावांच्या डोळ्यांपुढे तो ठेला येई. असा माणूस सशाच्या नसबंदीला हो म्हणेल होय?

तर गोलू बाल्कनीत आणि बर्फी आतल्या खोलीत अशी वाटणी झाली. चार दिवस बरे गेले. मग गोलूने सुरुवात केली. मागचे पाय फरशीवर धाडधाड आपटायचा, जाळीचं दार दाताने कुरतडायचा, गवताला तोंड लावायचा नाही. दुपारच्या सामसूम घरात तो आवाज विश्वनाथरावांच्या थेट काळजावर पडे. वाटायचं, पुन्हा तेच करतोय मी, पुन्हा एकाचा संसार मोडतोय. एका दुपारी त्यांना राहवेना. "जा बाबा, पाच मिनिटं भेट," म्हणत त्यांनी दार उघडलं. पाच मिनिटं कसली, अर्ध्या मिनिटात काम आटोपून गोलू आपला कोबी खायला लागलासुद्धा! विश्वनाथरावांना मात्र कित्येक वर्षांनी हलकं हलकं वाटलं. ती पाच मिनिटं मग त्यांच्या अंगवळणीच पडली.

डिसेंबरात सात पिल्लं झाली. "अरे यार, कसं काय?" तनया डोक्याला हात लावून म्हणाली. "आधीचीच गाभण असेल," आजोबांनी ठोकून दिलं. जानेवारीत आठ. शेजारीपाजारी, गार्ड, लिफ्टवाला, सगळ्यांना पिल्लं वाटून झाली. आता टोपली दिसली की लोक लांबूनच हात जोडायचे. बर्फीची रया गेली. पिल्लांखाली घालायला ती स्वतःच्या छातीचे केस उपटायची, तिथे नुसतं गुलाबी कातडं उरलं होतं. पाठीचा कणा हाताला लागायचा.

साधनाने डॉक्टरांची वेळ घेतली. विश्वनाथरावांनी जेवणावर बहिष्कार टाकला. दोन वेळची ताटं तशीच राहिली, रक्तदाबाची गोळीही घेईनात, तेव्हा सिद्धांतने हात टेकले आणि फोन करून वेळ रद्द केली. "जिंकलात बाबा," तो वैतागून म्हणाला.

बर्फी तिच्या कोपऱ्यातून बघत होती. विश्वनाथराव तिला रोज कोथिंबीर भरवत, गाजर किसून देत. आपण तिचे लाडच करतोय, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

फेब्रुवारीत, एका सकाळी ती गेली. पाच पिल्लं बाहेर आली होती आणि ती त्यांच्या बाजूला आडवी पडली होती, थंडगार. तनयाने तिला हात लावला आणि वळून म्हणाली, "आजोबा, दरवाजा कुणी खोलला होता?"

पोरगी उत्तरासाठी थांबलीही नाही. ओठ घट्ट मिटून दप्तर उचलून शाळेच्या बसकडे गेली, आणि जाताना रोजच्यासारखं "येते आजोबा" म्हणाली नाही.

साधनाने सुट्टी काढली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दूध कोमट करून ती ड्रॉपरने एकेका पिल्लाला पाजायला बसली. विश्वनाथराव समोरच्या स्टुलावर बसले.

"दार मी उघडत होतो साधना. रोज. मीच मारलं तिला."

"माहीत आहे बाबा," साधना वर न बघता म्हणाली. "गोलूचे केस आतल्या खोलीत सापडायचे. मीच मूग गिळून बसले. माझंही चुकलंच."

तिच्या त्या बोलण्याने त्यांचा बांध फुटला. मग त्यांनी सगळं सांगितलं. शंकर, तुपाचा डबा, संतान दो, बढती. म्हातारा माणूस सुनेसमोर ओक्साबोक्शी रडला. "गोलूला बघितलं की मला शंकर दिसायचा गं. त्याचं जे मी हिरावलं, ते ह्याचं तरी नको हिरावायला, एवढंच डोक्यात होतं. एक दिवस गेला नाही की त्याची आठवण आली नाही."

साधनाने पाजणं थांबवलं.

"आणि तिचं काय झालं?"

"कुणाचं?"

"त्याच्या बायकोचं. लग्नाला तीन महिने झाले होते म्हणालात ना? मूल होत नाही म्हणून बोल तिलाच लागले असतील. उपासतापास, गंडेदोरे तिनेच केले असतील." तिने ड्रॉपर खाली ठेवला. "नाव काय होतं तिचं?"

वर्षभर ती बाई विश्वनाथरावांच्या दारात येऊन कपड्यांचं गाठोडं नेत होती, घड्या घालून परत आणून देत होती. चेहराही नीट आठवेना; घुंगट असायचा.

"मी कधी विचारलंच नाही," ते म्हणाले.