गोल बाईची गुळणी

सूतगिरणीत काम करून तिचा दमा बळावला, तेव्हा डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि लेकीला काही दिवस आजीकडे ठेवावं लागलं. श्वास मोकळा झाला, पण गोळ्यांनी चेहरा सुजून गोल गरगरीत झाला.

व्हिडिओ कॉलवर आजी म्हणाली, "चांगलंच बाळसं धरलंस की गं!"

लेक मात्र आजीच्या पाठीमागे लपली. "ही आई नाही. ही गोल बाई आहे."

"अगं वेडे, आईच आहे तुझी!"

"नाही!"

गोळ्या आजच फेकून द्याव्यात, असं तिला वाटलं. पण एकदम सोडायच्या नाहीत, हळूहळू कमी करू, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिने फोन चालूच टेबलावर ठेवला, दम्याचा रोजचा पंप ओढला आणि गुळणी करायला बेसिनपाशी गेली. पंपानंतरची ही गुळणी घरी असताना लेकही गंमत म्हणून रोज तिच्या शेजारी स्टुलावर उभी राहून करायची.

घशात पाणी खळखळलं. फोनमधून तसाच इवलासा आवाज आला, पाण्यावाचूनचा.

"आई, अजून कर ना!"

तिने पुन्हा तोंडात पाणी घेतलं. फोनसमोर मात्र ती गेली नाही. रिकाम्या खोलीत नळापाशीच उभी राहून गुळण्या करत राहिली.