महादेवीची कळशी

मित्रांनो, माझ्या अंगावरच्या पोच्यांना हसू नका. मी धारूरच्या बसवराज किराणावाल्यांच्या घरातली तांब्याची जुनी कळशी आहे. तांबटाने ठोकून ठोकून मला घडवले, तेव्हापासून मी पुष्कळ हातांत फिरले. पण माझी खरी सोबतीण महादेवी, बसवराजांची धाकटी बहीण. तिला बोलायला, समजायला वेळ लागतो. पाणी भरण्यात मात्र तिचा हात कुणी धरत नसे.

ती मला नेहमी डाव्या कडेवर घ्यायची. एकाएकी ती उजवीकडे घेऊ लागली. पाणी सांडायचे, ती रडायची. गावातले डॉक्टर म्हणाले, "अशांचं असंच चालायचं." बसवराजही म्हणाले, "उगं हट्ट हाय तिचा."

"हट्ट न्हाई," त्यांची बायको शिवानी म्हणाली. "तिला कुटं तरी दुखतंय." दुसऱ्या दिवशी नणंदेला न्हाऊ घालताना शिवानीच्या हाताला तिच्या डाव्या स्तनातली गाठ लागली.

लातूरच्या दवाखान्यात महादेवी मला पोटाशी धरूनच बसली. कुणाला हात लावू देईना. डॉक्टर प्रियदर्शनींनी तपासायची नळी आधी माझ्या पोटाला लावली आणि म्हणाल्या, "ही तर ठणठणीत आहे. आता तुमची पाळी." महादेवी हसली. तिने स्वतःच पदर बाजूला केला.

तपासणीत कर्करोग निघाला.

"तिला सांगू नका," बसवराज म्हणाले. "तिला काय कळणार?"

"शरीर त्यांचं आहे, दादा." डॉक्टर महादेवीसमोर खाली बसल्या. "ताई, ही गाठ वाईट आहे. तुम्ही झोपलात की आम्ही ती काढणार. उठल्यावर दुखेल."

"लई?"

"आधी लई. मग कमी कमी होईल."

महादेवी बराच वेळ माझ्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "वैनी पायजे."

तिला गुंगी येईपर्यंत शिवानी तिचा हात धरून उभी होती. मी खाटेखाली वाट पाहत होते.

पुढे औषधांनी तिचे केस गेले, पुन्हा आले. परवा तपासणीला गेलो, तेव्हा दारात बसलेली एक म्हातारी आत जायला घाबरत होती. महादेवीने तिचा हात धरला. "सुई टोचतेत. दुखतंय. मग घरी सोडतेत." म्हातारी उठली आणि आत गेली.

मित्रांनो, तुमच्याही गल्लीत अशी एखादी महादेवी असेल. तिला काय होतंय ते तिलाच विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ तिच्यापाशी बसा.