एकशे सोळा अंश

मित्रांनो, रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या रसायनशाळेत, खिडकीखालच्या ओट्यावर बसलेला मी एक जुना वितळमापक आहे. पदार्थ किती तापमानाला वितळतो, एवढंच मला सांगता येतं. पोटात तापणारी पट्टी, वर एक भिंग आणि बाजूला तापमापी, हा माझा सगळा संसार. परीक्षेत अनोळखी पांढरी पूड हाती पडली की मुलं माझ्यासमोर रांग लावत. "वितळलं, वितळलं!" असं कुणी ओरडलं की मला धन्य वाटे. पुढे खाऱ्या हवेने माझे स्क्रू गंजले, तापमापी दोन अंश जास्त दाखवू लागली आणि सगळे नव्या संगणकाकडे वळले.

किनाऱ्यावरच्या बुरोंडी गावची समरीन तिथे संशोधन करत होती. तिचे अब्बा हाशिमभाई मच्छीमार. समुद्रात हरवलेली नायलॉनची जाळी कुजत नाहीत, त्यांत कासवं अडकून मरतात, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. काही वर्षांत पाण्यातच विरून जाईल असं जाळं तिला करायचं होतं. त्यासाठी ती दोन प्रकारचे रेणू एकत्र शिजवून पॉलिएस्टर बनवी. पॉलिएस्टर म्हणजे रेणूंची लांबच लांब माळ. दोन्ही जाती सरमिसळ गुंफल्या गेल्या, तर धागा लवचीक होतो आणि सगळीकडून सारखा, सावकाश झिजतो. पण एकेका जातीचे रेणू वेगवेगळे ओळीने बसले, तर त्यातला मऊ भाग पाणी आधी खातं आणि धागा मध्येच दगा देतो. माळ कशी गुंफली जाईल, याचं भाकीत संगणकाने केलं होतं: सरमिसळ. अशी माळ सत्तर अंशांच्या आत वितळायला हवी; रेणू जातवार ओळीने बसले असतील, तर शंभरच्याही पुढे जाते.

एका दुपारी समरीनने त्या धाग्याचा तुकडा माझ्या पोटात ठेवला. सत्तर झाले, नव्वद झाले, तुकडा ढिम्म. वितळला तो एकशे सोळा अंशांना.

ती तिच्या मार्गदर्शक मृणाली मॅडमना घेऊन आली.

"याची तापमापी चुकते, ठाऊक आहे ना?" मॅडम म्हणाल्या.

"दोन अंशांनी चुकते, मॅडम. एवढी नाही."

"मग धागा बाहेर तपासायला पाठवू. महिना लागेल."

समरीन घुटमळली. सोमवारी जाळं देते, असं ती अब्बांना कबूल करून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं, 'यंत्र नादुरुस्त'.

मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मी नुसता गार होत गेलो. आपण खरंच चुकत असू, अशी शंकाही मनाला चाटून गेली.

हाशिमभाई खडकावर उभे राहून पाग टाकत. पाग म्हणजे फेकायचं गोल जाळं. तिसऱ्या आठवड्यात समरीनने त्याच धाग्याचं करून दिलेलं नवं जाळं कपारीत अडकलं. त्यांनी जोर लावून ओढलं, तसे धागे तटातट तुटले आणि ते पाठीमागे खडकावर आदळले. मनगट दोन ठिकाणी मोडलं.

मग समरीनने सगळं नव्याने मोजलं. एक जात झटपट जुळत होती, दुसरी रेंगाळत होती, म्हणून माळेत दोन्ही वेगवेगळ्या ओळीने बसल्या होत्या. संगणकाला मात्र दोघींचा वेग सारखाच सांगितला होता. बिचाऱ्याने दिलेल्या माहितीवरून उत्तर काढलं होतं.

प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून एक दिवस हाशिमभाई स्वतः रसायनशाळेत आले. त्यांनी वाकून माझ्या भिंगात डोळा घातला.

"ह्यानं सांगितलं व्हतं?"

"हो, अब्बा."

"मग ऐकलंस का नाय, बाय?"

 

मी खरा ठरलो, पण त्याचा आनंद मला झाला नाही. हाशिमभाईंची मूठ अजून पुरती मिटत नाही, पाग टाकणं सुटलं ते सुटलंच. समरीन पुन्हा पहिल्यापासून धागा शिजवते आहे, आता फार कमी बोलते.

मित्रांनो, मला पुसून लख्ख ठेवा, असं मी म्हणत नाही. गंजलो तरी चालेल. पण भाकीत एक सांगतंय आणि तपासणी दुसरंच, असं दिसलं, तर तिथेच थांबा आणि पुन्हा मोजा. घाई आपली असते, पडतो मात्र दुसराच कुणीतरी.