चेंडू धरणारा

सिद्धांत दोन वर्षं स्टुटगार्टच्या युनिव्हर्सिटी संघाकडून अमेरिकन फुटबॉल खेळत होता, म्हणजे बहुतेक वेळ बाकावर बसून होता. तो रिसीव्हर होता. लांबून फेकलेला चेंडू धावता धावता झेलायचा, हे त्याचं काम. पुण्याहून मास्टर्सला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्याला या खेळाचं वेड लागलं. युनिव्हर्सिटीच्या फाइहिंगेनमधल्या मैदानावर बर्फ पडला तरी तो धावायला जायचा. पण सामन्यात चेंडू त्याच्याकडे क्वचितच यायचा.

या वर्षी सीझनच्या तोंडावर संघाच्या किकरचा गुडघा गेला. कोच योर्गनं विचारलं, कुणाच्या ओळखीत चांगली किक मारणारा आहे का. सिद्धांत म्हणाला, "माझा रूममेट कोल्हापूरचा आहे. तिथं पेठापेठांत फुटबॉल खेळतात."

वेदांगला त्यानं जवळजवळ ओढतच नेलं. वेदांगनं तो लांबट चेंडू हातात फिरवून बघितला. "आमच्या तालमीच्या संघात असला चेंडू आणला असता तर हाकलून दिलं असतं," तो म्हणाला, आणि चार पावलं मागे जाऊन त्यानं चेंडू दोन उंच खांबांच्या बरोब्बर मधून घालवला. मैदानावरचे सगळे थांबून बघत राहिले. दोन वर्षांत सिद्धांतकडे कुणी असं थांबून बघितलं नव्हतं.

किकरला चेंडू जमिनीवर उभा धरून देणारा एक माणूस लागतो. त्याला होल्डर म्हणतात. पुढून फेकलेला चेंडू झेलायचा, टेकवायचा, वरच्या टोकावर बोट ठेवायचं आणि हलायचं नाही. योर्गनं सिद्धांतला बोलावलं. "तुम्ही दोघं एकच भाषा बोलता. गेनाऊ, अगदी बरोबर, तूच धर."

पहिला सामना त्यांनी वेदांगच्या किकवर जिंकला, तिसराही. पोरं त्याला खांद्यावर घ्यायची. सिद्धांत गुडघ्यावरचं गवत झटकत उठायचा. फोटोत त्याचं बोट यायचं, कधी अर्धं हेल्मेट. पुण्याहून आईचा फोन आला तेव्हा तिनं आधी विचारलं, "वेदांगचा व्हिडिओ बघितला रे. काय सुंदर मारतो. तूही खेळतोस ना अजून?"

"मीच चेंडू धरतो, आई."

"हो का? दिसलं नाही."

वेदांग मात्र होता तसाच होता. सामन्याआधी दोघांपुरते पोहे करायचा, सिद्धांतचे बूट आपल्या बुटांबरोबर धुऊन टाकायचा. त्याचा राग यावा असं तो काहीच करत नव्हता, आणि त्यामुळेच सिद्धांतचा जळफळाट वाढत होता. सरावात वेदांगची एखादी किक खांबाला लागून बाहेर गेली की सिद्धांतला घटकाभर बरं वाटायचं. मग स्वतःचीच किळस यायची.

जुलैत सेमीफायनल मानहाइमला होती. शेवटचे काही सेकंद उरले होते आणि संघ दोन गुणांनी मागे होता. किक बसली की तीन गुण. अंतर वेदांगसाठी किरकोळ होतं. प्रेक्षकांत आपल्या बाजूची पोरं त्याचं नाव घेऊन ओरडत होती.

सिद्धांत गुडघा टेकून बसला. चेंडू आला तो उंच. त्यानं उडी घेऊन तो कसाबसा हातात धरला. तरी वेळ होता. खाली टेकवता आला असता, वेदांग एक पाऊल थांबलाही होता. पण चेंडू सिद्धांतच्या हातात होता, डावीकडे मैदान मोकळं दिसत होतं आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. तो चेंडू छातीशी धरून पळाला.

ओलांडली की गुण मिळतात ती शेवटची रेषा हातभर उरली असताना दोघांनी त्याला पाडलं. सामना संपला, सीझनही संपला.

योर्ग रागानं लाल होऊन आला. वेदांग मध्ये उभा राहिला. "चेंडू फार वर आला होता, कोच. दुसरं काय करणार होता तो?" मग पोरांनी सिद्धांतच्या पाठीवर थापा मारल्या. शूर पळालास, म्हणाले. त्याचं नाव आज सगळ्यांच्या तोंडी होतं. परतीच्या बसमध्ये तो डोळे मिटून बसला, झोप मात्र लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेदांग स्वयंपाकघरात चहा गाळत होता. सिद्धांत दारात उभा राहिला.

"ठेवता आला असता चेंडू," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. मी बघतच होतो की."

"मग कोचला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय मॅच परत मिळणार होती?" वेदांगनं एक कप त्याच्यापुढे सरकवला. "पुढच्या सीझनला मी दुसरा होल्डर मागून घेतलाय. रात्री योर्गला मेसेज केला."

"कारण काय दिलंस?"

"तुला रिसीव्हरच्या सरावाला जास्त वेळ हवाय, असं लिहिलं."

सिद्धांतनं कप उचलला, पण प्यायला नाही. वेदांगच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. योर्गला सगळं सांगितलं असतं, कदाचित तिथंच, सगळ्यांसमोर. आजवर तो वेदांगच्या पायाचा हेवा करत होता. पाय निदान सरावानं घडवता येतो, असं म्हणता यायचं. आता जे पोटात दुखत होतं त्याला कुठला सराव करायचा, ते त्याला कळेना.

"गुरुवारी मैदानावर येणार आहेस ना?" वेदांगनं विचारलं.

"येतो," सिद्धांत म्हणाला.