बिननावी प्रश्न

खडूचा तुकडा एवढासा उरला होता – करंगळीच्या पेराहूनही लहान – आणि तरी तो टाकवत नव्हता. विजयमालानं तो फळ्याखालच्या पट्टीवरून उचलला, तळहातावर घेतला, फुंकर घातली; तशी पांढरी भुकटी उडून मनगटातल्या हिरव्या बांगड्यांवर बसली. बांगड्या पुसाव्यात म्हणून हात पदराकडं गेला आणि वाटेतच थांबला. हल्ली हे असंच व्हायचं. काहीही पुसायचं म्हटलं की हात वाटेतच थांबायचा.

आष्ट्याच्या वाचनालयाची ओसरी अजून रिकामी होती. वर्तमानपत्रं यायची होती. बाहेर कुणाच्या तरी गुऱ्हाळावरचा गोड, जड वास हवेत भरून राहिला होता, आणि समोर तो फळा – काळा, लांबरुंद, शाळेनं टाकून दिलेला, हेडमास्तरांनी आणून भिंतीवर ठोकलेला. चर्चेचा फळा. दर सोमवारी त्यावर नवा प्रश्न लिहायचा, खाली ज्याला जे वाटेल ते त्यानं खडूनं लिहायचं, दुसऱ्यानं त्याला उत्तर द्यायचं, आणि रविवारी ओल्या फडक्यानं सगळं पुसून काढायचं. प्रश्न लिहायचं आणि पुसायचं, दोन्ही कामं विजयमालाकडं. पलटणीतल्या माणसाची बायको, सातवी पास, अक्षर मोत्यासारखं, म्हणून कमिटीनं तिला इथं ठेवून घेतली होती.

पण या वेळचा प्रश्न सोमवार उलटला, पुढचाही उलटला, तरी पुसला गेला नव्हता. लोक लिहीतच राहिले. जागा संपली तशी चौकटीच्या लाकडावर लिहिलं, लाकूड संपलं तशी भिंतीवर. आणि सगळ्यांच्या वर, स्टुलावर चढून तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेली ती ओळ –

"युद्धातून ज्याची खबर नाही, जिवंत नाही की मेला नाही, त्याच्या बायकोनं कुंकू लावावं की पुसावं?"

कुणाचा प्रश्न, ते लिहिलेलं नव्हतं. प्रश्नपेटीत चिठ्ठ्या बिननावीच पडायच्या.

सकाळी तिनं मेणाचं बोट कपाळावर टेकवलं होतं तेव्हा सासू, हरणाबाई, चुलीपुढून बघत होती. रोज बघते. गावात पिठाची गिरणी येऊन किती काळ झाला, पण हरणाबाई अजून पायलीभर धान्य जात्यावरच घालते, आणि घरघर सुरू झाली की ओव्यांना तिचा गळा मोकळा होतो. एरवी ती फार बोलत नाही. आज मात्र म्हणाली, "ठसठशीत लाव गं. पुसट कुकू दिसलं की मला वाटतं, त्येला तिकडं ताप आला."

मग कुंकू ठसठशीत झालं. बोट गोल फिरलं – फिरतंच राहिलं – आरशात एक बाई दिसत होती आणि तिच्या कपाळावर एका माणसाचा जीव. एवढासा, रुपयाएवढा. सकाळी लावायचा, दिवसभर सांभाळायचा, घाम आला तर टिपायचा – तेही कडेनं, हलकेच, त्याला दुखू नये म्हणून. आणि तो माणूस खरंच कुठं असेल तर ठीक... पण नसेल तर? तर मी रोज सकाळी कुणाला जेवू घालतेय? हे सासूला विचारता येत नव्हतं. माहेरी विचारलं तर भाऊ गाडी जुंपूनच येईल, चल म्हणेल. देवाला विचारलं, तो बोलला नाही. म्हणून फळ्याला विचारलं. विचारताना वाटलं होतं, आपण नाव घातलं नाही, आता हा प्रश्न कुणाचाच नाही, जात्यावरच्या ओवीसारखा. ओवी गाणारीचं नाव कुठं असतं ओवीत? ह्या दारातून त्या दारात जाते, कुणीही गावी, कुणीही रडावं, कुणी विचारत नाही की बाई, हे दुःख कुणाचं.

हेडमास्तरांनी पेटीतून चिठ्ठी काढली तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "प्रश्न चांगला आहे. लिही, विजयमाला." आणि तिनं लिहिला होता. आपलाच प्रश्न आपल्याच अक्षरात गावापुढं मांडला, आणि कुणाला कळलं नाही... त्या दिवशी घरी जाताना किती हलकं वाटलं होतं, डोक्यावरची घागर कुणीतरी उतरून घेतल्यासारखं.

"आलीस का?" हेडमास्तर पायऱ्या चढून आले. चिंतामणराव त्यांचं नाव, पण शाळा सुटून इतका काळ झाला तरी गाव त्यांना हेडमास्तरच म्हणायचं. नुकतेच मिरजेला मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आले होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यातून नुसत्या सावल्या. "त्या सूचना काढ. संध्याकाळी कमिटी बसायची आहे. तू वाच, मी ऐकतो."

या प्रश्नावरून गावात फारच धुरळा उडाला म्हणून कमिटीनं ठराव केला होता – फळा कसा सुधारावा, लोकांनीच सांगावं. बिस्किटाच्या डब्याला फट पाडून तो दाराशी ठेवला होता. विजयमालानं झाकण काढलं. चिठ्ठ्या चुरगळलेल्या, तंबाखूचा वास लागलेल्या. एका चिठ्ठीत शेंगदाणा.

ती वाचू लागली. खडू दमट असतो, उन्हात ठेवावा. फळ्यावर पत्रा घालावा, पावसात मतं वाहून जातात.

"मतं आधीच वाहवलेली असतात," हेडमास्तर म्हणाले. "पुढं."

एकाला वाटत होतं, एका माणसानं एका दिवशी एकदाच लिहावं, कारण शिंप्याच्या दुकानातला एकटाच अर्धा फळा अडवतो. त्याच्या खालीच शिंप्याची चिठ्ठी निघाली – काही लोक दुसऱ्याचं मत थुंकी लावून पुसतात, त्यांना आळा घालावा. बायकांसाठी निराळा दिवस असावा. उसाच्या पाण्याच्या पाळीवर चर्चा व्हावी, बायकांच्या कपाळावर नको. ओव्याबिव्या लिहू नयेत, चर्चेचा दर्जा घसरतो...

"ओव्या कोण लिहितं?" हेडमास्तरांनी विचारलं.

"असंल कुणीतरी. खाली कोपऱ्यात आहे एक."

तिनं ती पाहिली होती – पाहिली म्हणजे फळ्याच्या अगदी तळाशी, बाकामागं, 'कपाळ' एवढा शब्द दिसला होता. कुणीतरी थट्टा केली असेल म्हणून ती वाकली नव्हती.

पुढची चिठ्ठी निळ्या शाईत होती, घडी नीट घातलेली. तिचे डोळे पुढं धावले आणि जीभ मागं राहिली. "जो कोणी प्रश्न विचारेल वा मत लिहील, त्यानं खाली आपलं पूर्ण नाव घालावं. बिननावी लिखाण पुसून टाकावं." ही चिठ्ठी वाचायची नाही, एवढंच करायचं. समोरचा माणूस आंधळ्यासारखा बसलाय. ही मुठीत घ्यायची, चुरगळायची, पुढची उचलायची. किती सोपं आहे... मूठ मिटेना. शाळेत मोठ्यानं वाचायला उभं केलं की ज्या आवाजात वाचायची, त्याच आवाजात ती वाचून मोकळी झाली – एकही शब्द न गाळता. स्वतःचाच आवाज तिला लांबून, विहिरीतून आल्यासारखा ऐकू आला.

"रास्त आहे," हेडमास्तर म्हणाले. "नाव नसलं की माणूस जीभ सैल सोडतो. कमिटीला हे पटेल." आणि उठता उठता, तिच्याकडं न बघता – की त्यांना दिसतच नव्हती म्हणून – म्हणाले, "सध्याच्या प्रश्नालाही तोच नियम लागेल. नाव आलं तर ठेवू. नाही आलं तर उद्या सकाळी पुसून टाक. काय?"

"व्हय," ती म्हणाली.

नाव. कुणाचं घालायचं? लग्नात सगळ्या बायकांनी दार अडवलं होतं, नाव घे म्हणून. अंगावर हळदीचा वास, तोंडात लाजेचा गोळा, आणि ती म्हणाली होती, "कृष्णेच्या डोहात चांदणं थोडं, लालासाहेबांचं नाव घ्यायला कशाला कोडं." बायका हसल्या होत्या, तोही हसला होता – दात जरा पुढं, मिशी नुकती फुटलेली. त्यानंतर ते नाव तिनं कधी तोंडातून काढलं नाही. सुट्टीवर यायचा तेव्हाही 'आवं' नाहीतर 'ऐकलं का'. आणि तार आली तेव्हा ते नाव इंग्रजीत होतं, पोस्टमननं वाचलं. तिला ते कुणा परक्याचं वाटलं होतं. बेपत्ता... हा शब्दही परकाच. पत्ता तर आहे की, म्हणाली होती ती, आष्टा, तालुका वाळवा.

दुपार सरली. लोक आले, वर्तमानपत्रांवर वाकले, गेले. ती पुस्तकं देत राहिली, घेत राहिली. ऊन ओसरीवरून उतरलं तेव्हा कृष्णात हवालदार काठी टेकत आले – जुन्या लढाईतले पेन्शनर, रोज शेवटी येणारे – आणि फळ्यापुढं उभे राहून म्हणाले, "पोरी, माजी बी एक सूचना हाय. चिठीत न्हाई घातली, लिवायचा कटाळा."

"सांगा की."

"ह्यो फळा हातभर खाली घ्या म्हणावं. स्टुलावर चढतीस, पडलीबिडलीस तर? तुजा प्रश्न तुला नीट वाचता तर याय पायजे."

तिनं चमकून वर पाहिलं. आपण काय बोलून गेलो ते हवालदारांच्याही ध्यानात आलं असावं. त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "म्हंजे... लिवलाईस तू, म्हणून म्हणलं. जातो. तुजी सासू वाट बघती. रोज इचारती मला, आज फळ्यावर काय आलं. येक डाव तर म्हणली, माजं बी लिवा. मी काय, हुकूम आला, लिवलं." ते पायऱ्या उतरले. खालून, पाठमोरेच, म्हणाले, "लय नेटानं सांगत हुती म्हातारी."

ओसरी रिकामी झाली. आतून, अगदी हळूहळू, विहिरीला पाझर फुटावा तसं तिला कळत गेलं. अख्ख्या आष्ट्यात त्या लढाईतून न आलेला माणूस एकच. एकच. मग कुणाचा प्रश्न, हे कुणाला विचारायला हवं होतं? बाई 'आमचे हे' म्हणते, नाव घेत नाही, म्हणून तिचा नवरा कोण ते गावाला ठाऊक नसतं का? उलट जे नाव ती घेत नाही तेच तेवढं सगळ्यांना पाठ असतं. आणि मला वाटलं, नाव घेतलं नाही म्हणजे झाकलं... इतके दिवस इथं राजकारणावर भांडणारी माणसं, विजयमाला पाण्याचा तांब्या घेऊन आली की, या प्रश्नावर गप्प व्हायची. ती समजत होती, बाईमाणसापुढं बोलू नये म्हणून. खरं तर ती सगळी माणसं तिच्याशीच बोलत होती, खडूनं, समोरासमोर बोलता येईना म्हणून.

तिनं वर पाहिलं. तीच अक्षरं, पण आता प्रत्येकाला तोंड आलं. "पुसावं, सगळा जन्म जायचा आहे" – हे गिरणीवाल्याचं, त्याची बहीण अशीच वाळून गेली. "लावावं, आमचा मुलगा सहा महिन्यांनी आला होता" – हे पोस्टातलं. "तिचं कपाळ, तिला विचारा" – शिंपी. आणि "आधी सासूला विचारा" – ह्याच्याखाली सरळ रेघ, काळजीपूर्वक मारलेली... सरळ रेघ न बघता मारणारा गावात एकच माणूस होता, हिरवी पट्टीवाला. म्हणजे सकाळी प्रश्न कुणाचा ते ठाऊक असून ते ऐकत होते, आणि ती त्यांना ती निळ्या शाईची चिठ्ठी वाचून दाखवत होती. नाव आलं तर ठेवू. हे कठोर होतं की त्यांनी दार उघडं ठेवलं होतं? तिला ठरवता येईना. लाज वाटायला हवी होती. ती शोधायला ती आत उतरली, पण तिथं लाज नव्हती. नुसतं गार काहीतरी होतं, उघड्यावर निजल्यासारखं.

बाक सरकवून ती फळ्यापुढं उकिडवी बसली. तळाशी, हवालदारांच्या जाड, रांगेत उभ्या केलेल्या अक्षरांत –

"कपाळ तुझं बाई, रान गं पेरलेलं"

आणि खालची ओळ नव्हती. बाकावर टेकून बसणाऱ्यांच्या पाठींनी ती रोज थोडी थोडी उचलून नेली होती, सदऱ्यांवरून घरोघरी. उरला होता पांढरा फराटा, आणि शेवटी, कडेला, एक 'लं'.

राखलेलं? करपलेलं? सोडलेलं... माझ्या स्वाधीन केलेलं?

हवालदारांना गाठून विचारता येईल. घरी जाऊन तर सासूलाच विचारता येईल, चुलीपुढं बसली असेल. पण विचारायचं म्हणजे प्रश्नाखाली नाव घालायचं – आणि तिनं जे सांगितलं असेल ते मग कानांनी ऐकायचं. राखलेलं असेल तर जन्मभर राखणीला बसायचं. सोडलेलं असेल तर... तर त्या म्हातारीनं जात्याशिवाय, परक्या माणसापुढं, आपला मुलगा आपल्या तोंडानं मारला असेल. दोन्हीतलं कुठलं मला हवं आहे? इतके दिवस वाटत होतं, उत्तर मिळत नाही म्हणून जीव अडकलाय. उत्तर मिळालं होतं, इथंच होतं, तिच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, आणि ती वाकली नव्हती.

एका हातात ओलं फडकं होतं, दुसऱ्यात तो खडूचा तुकडा. आत कमिटीसाठी कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. ती ओळ तिनं ओठांतल्या ओठांत म्हटली, सासूच्या चालीवर – कपाळ तुझं बाई, रान गं पेरलेलं – आणि चाल थांबली नाही. जात्याचा खुंटा हातात असल्यासारखी ती दुसऱ्या ओळीवर वळली, तिथं शब्द नव्हते तरी वळली, नुसती घरघरत फिरत राहिली, आणि फडक्यातलं पाणी तिच्या मनगटावरून, बांगड्यांवरच्या पांढऱ्या भुकटीतून, हळूहळू कोपराकडं ओघळत राहिलं.