मिरचीचा बोल

भिवापूरच्या सातऱ्यावर, लाल मिरची पसरलेल्या त्या पटांगणात, बायांच्या शिंका आणि गप्पा एकदमच चालल्या होत्या. शामला खाली मान घालून देठ खुडत होती.

"पोरगी काहून नाही आनली वं?" शेजारी बसलेल्या शोभाताईनं तिला विचारलं.

सासूच मध्ये बोलली, "कशाले आनते? दिवस असतानी हे इथं बसली. मिरचीचा खाट नाकातोंडातून पोटात गेला. पोरीचे कान जागेवर जळले, गालाले हाडूक नाही."

तेव्हा मजुरीला सासूनंच धाडलं होतं. शामलानं पोती शिवणाऱ्या नवऱ्याकडं पाहिलं. दुर्गेशनं सुतळीची गाठ आवळली.

परवाच नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "मिरचीचा संबंध नाही. हा जनुकातला दोष. वडिलांत सौम्य आहे, मुलीत पूर्ण उतरला. यांच्या बहिणीलाही तपासून घ्या."

पाणी प्यायच्या निमित्तानं शामलानं दुर्गेशला पोत्यांच्या थप्पीमागं गाठलं.

"ऐकलं ना? मंग काहून नाही बोलले?"

"माह्या बहिनीचं, मयुराचं लगीन तोंडावर हाये. आमच्या घरातलं हाये म्हनून समजलं तं सोयरीक मोडन. तू घे ना वं सोसून."

"तिचे डोळे पायले का? तुमच्यावानीच कोपऱ्यातून खाली उतरते. उद्या तिच्या पोटी असंच झालं तं?"

"लगीन होऊ दे पयले."

संध्याकाळी शामला घरी आली, तर मयुरा पोरीच्या कपाळाला हनुवटी टेकवून गुणगुणत होती. पोरगी खुदूखुदू हसत होती.

"वहिनी, पा ना! हाडातून ऐकू येते हिले." मग ती हळूच म्हणाली, "मी तं दिवस गेल्यावर मिरचीच्या वाऱ्यालेबी उभी नाही राहनार. माह्या लेकराले काही नाही होनार, ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं. शामला तिच्याजवळ बसली आणि डॉक्टरीणबाई बोलल्या ते सगळं, एकही शब्द न गाळता, तिनं सांगितलं.

मयुराचं बोट आपल्याच डोळ्याच्या कोपऱ्यावर गेलं. तिथंच थांबलं. तिनं मान वर केली. दुर्गेश दारात उभा होता.

"दादा," ती म्हणाली, "मी सासरी गेल्यावर सांगनार होता का मले?"